कसबा पेठेतलं चॅपल

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात कोणीही काहीही विचारत नाही. जाण्याआधी विचारतात, आणि तेही "कशाला?" एवढंच. आल्यावर जेवणाची चौकशी होते. शाकाहारी मिळालं का, चहा बरा होता का, आणि तिकडे न्हाणीघरात खरंच कागदच असतो का. या तीन प्रश्नांत अख्खा युरोप संपतो आणि विचारणारा आपल्या गुडघेदुखीकडे वळतो.

मी दिगंबर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार कसबा पेठ. नव्वद सालाच्या आगेमागे मी आणि आमची उल्का एका सहल कंपनीबरोबर युरोप पाहून आलो. समुद्रापलीकडे गेलेले आमच्या गल्लीतले आम्हीच पहिले. निघताना गल्लीनं नारळ दिले होते, त्यामुळे परतल्यावर लोक संध्याकाळी ओट्यावर जमतील, मी मधे बसेन आणि कोणीतरी म्हणेल, "दिगंबरराव, आता त्या चर्चचं सांगा," अशी माझी भाबडी समजूत होती.

कारण मला फक्त त्या चर्चचंच सांगायचं होतं. मनोरे, बर्फ आणि घड्याळं कॅलेंडरवर असतात तशीच निघाली. पण इटलीतल्या एका गावात (त्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून घेत नाही) आमची बस बंद पडली. बाकीची मंडळी सावली बघून चकल्यांचे डबे उघडून बसली. आम्ही दोघं समोरच्या चर्चमध्ये शिरलो. गॉथिक पद्धतीचं, सातशे वर्षांपूर्वीचं. बाहेर टळटळीत ऊन आणि आत रंगीत काचांतून गाळून आलेला निळा-तांबडा उजेड. दोन्ही बाजूंच्या भिंतींत ओळीनं चॅपल. चॅपल म्हणजे मोठ्या चर्चच्या पोटातलं छोटं चर्च. आपल्याकडे मोठ्या देवळाच्या आवारात छोटी देवळं असतात तसं. एकेका श्रीमंत घराण्यानं एकेक चॅपल बांधलेलं, आणि आत चित्रंच चित्रं, छतापर्यंत.

शेवटच्या चॅपलमध्ये एक साधं चित्र होतं. आईच्या मांडीवर मूल, आणि आईनं मुलाचं पाऊल आपल्या तळहातात घेतलेलं. बस्स. गार पडलंय का ते बघत असावी. ते बघून मला रडू आलं. का ते सांगता येत नाही. आमच्या घरात तोवर चित्र म्हणजे वाण्यानं दिलेलं कॅलेंडर. सबंध नोकरी कालव्यांच्या फायलींवर 'पाहिले' असा शेरा मारण्यात गेलेल्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी पाहिलं होतं. ते मला एकदा, फक्त एकदा, कोणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं होतं.

फोटो काढले होते. आत फ्लॅश मारायला बंदी असल्यामुळे ते सगळे काळे आले. स्टुडिओवाल्यानं ते माझ्यासमोर पत्त्यांसारखे पसरले आणि विचारलं, "काका, झाकण काढलं होतं ना?" मी त्याला गॉथिक चर्चमधल्या प्रकाशयोजनेबद्दल सांगू लागलो, तर तो म्हणाला, "अंधाराचेच काढायचे होते तर इथे काढायचे. स्वस्तात झाले असते." चर्चच्या दाराशी विकत घेतलेलं, बाहेरच्या बाजूचं एक पिक्चर पोस्टकार्ड तेवढं उरलं. आतलं चर्च माझ्या डोक्यात आणि जिभेवर.

पहिला प्रयोग मी शेजारच्या आप्पासाहेबांवर केला. आप्पासाहेब हे गल्लीचे सल्लागार. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी माठसुद्धा घेत नाही. मी चर्चच्या दारापर्यंत पोचलो, एवढ्यात ते म्हणाले, "बूट चावले का हो तुम्हाला?" चावले, असं मी म्हणालो. पुढे सगळी संध्याकाळ ते कातड्याला खोबरेल कसं चोळावं ते सांगत होते. दुसरा प्रयोग मेव्हण्यावर केला, तो मधेच झोपला. उल्काला सांगण्याचा प्रश्नच नव्हता, ती बरोबरच होती.

अशात श्रावण उजाडला. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाची बैठक होती, आणि मी तिथे गेलो तो तक्रार करायला. दर वर्षी बैठकीत जाऊन लाउडस्पीकरविरुद्ध आगाऊ निषेध नोंदवायचा, हा माझा नेम. कर्णा आमच्या खिडकीच्या नेमका समोर बांधतात. मंडळाचा अध्यक्ष बजरंग, सायकलच्या दुकानाचा मालक, माणूस तालमीतला पण अदबशीर. माझा निषेध त्यानं शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "काका, तुम्ही युरोपला जाऊन आलात ना? यंदा देखाव्याला कायतरी फॉरेनचं पायजे. पलीकडच्या मंडळानं राजस्थानी महाल धरलाय."

पुढचं मला नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी टेबलावरच्या खडूनं फरशीवर चर्चचा नकाशा काढत होतो आणि सगळी कार्यकारिणी उकिडवी बसून बघत होती. 'मांडवात मधोमध गणपती, आणि त्याच्याभोवती गॉथिक चर्च' असा ठराव झाला. सूचक मीच. कर्ण्यावरून देखाव्याची माहिती सांगणारा आवाजही माझाच असणार होता. ज्या कर्ण्याविरुद्ध मी इतकी वर्षं अर्ज केले, त्याच कर्ण्यातून आता मी बोलणार होतो. तत्त्वाला मुरड पडली, हे मी मान्य करतो. पण सबंध पुणं रांगेत उभं राहून ऐकणार होतं, आणि रांगेतल्या माणसाला विषय बदलता येत नाही.

मांडव घालणारे युसूफभाई त्या बैठकीला होते. पिढ्यान् पिढ्या कसब्यातच राहणारे, मांडवही त्यांचा आणि पडदे रंगवणारा हातही त्यांचाच. पोस्टकार्ड त्यांनी डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं.

"साहेब, कमान टोकदार आहे."

"नमस्काराला हात जोडल्यावर बोटं वर मिळतात ना, तशी," मी म्हणालो.

युसूफभाईंनी हात जोडून बघितले आणि मान डोलावली. "बाहेरचं झालं समजा. आत काय?"

आत काय! मी घसा खाकरला. "आत दोन्ही बाजूंना ओळीनं चॅपल."

"आतच?" बजरंगनं विचारलं. "भायेर नाय?"

"आतच. हेच तर गॉथिकचं वैशिष्ट्य. प्रत्येक घराण्याचं वेगळं."

"घराण्याच्या वेगळ्या? मग सोपं जात असंल हुडकायला."

"वर नाव कोरलेलं असतं ना. सोन्याचं काम, रंगकाम, नक्षी. लांबलांबून लोक खास चॅपल बघायला येतात."

कार्यकारिणीनं एकमेकांकडे बघितलं. "आन् चोरीला जात नाय?" बजरंगनं हळूच विचारलं.

"गेलेली आहेत. मागे कुठल्याशा लढाईत सैनिकांनी बरीच लुटली म्हणे."

"सैनिकांनी!" बजरंगला फार वाईट वाटलेलं दिसलं. "त्या पळवायच्या म्हंजी हद्द झाली."

"त्या नव्हे. ते. ते चॅपल," मी दुरुस्त केलं. बजरंगचं लिंगज्ञान कच्चं आहे, हे मला ठाऊक होतं. "तेच म्हंतो मी," तो म्हणाला. इथे मी थांबायला हवं होतं. पण समोरचा बोलायला लागला की मी माझ्या पुढच्या वाक्याची तयारी करतो. मी शेवटच्या चॅपलमधल्या चित्राकडे वळलो. आईनं मुलाचं पाऊल तळहातात घेतलेलं, इथपर्यंत आलो, आणि कोणीतरी वडापाव घेऊन आलं. बैठक तिथेच संपली.

मग परवानगी. मांडवाचा अर्ज कुठल्या कचेरीत द्यावा लागतो ते सांगत नाही, मला अजून याच शहरात राहायचं आहे. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"मूळ चर्च कुठे आहे?"

"इटलीत."

"मग मूळ मालकाचा ना-हरकत दाखला आणा."

"अहो, पलीकडच्या मंडळाच्या महालाला राजस्थानच्या महाराजांचा दाखला आणला का?"

"महाराजांनी हरकत घेतलेली नाही."

"मग इटलीनं घेतलीय का?"

"ते तुम्ही त्यांना विचारल्याशिवाय कसं कळणार?"

मी स्वतः सरकारी नोकरीत हाच प्रश्न अनेकांना विचारलेला आहे, त्यामुळे मला त्याची ताकद माहीत होती. घरी येऊन उल्काला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "इटलीचाच कशाला हवा? चर्चचा हवा ना? कॅम्पात काय कमी आहेत?" ती म्हणाली. मी कॅम्पातल्या एका फादरांकडे गेलो. ते मूळचे नगरकडचे, हसतमुख. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: 'गणपती चर्चमध्ये उतरत असल्यास आमची हरकत नाही. मोदक असल्यास मुळीच नाही.' कारकुनानं मोदकांच्या वाक्याखाली लाल रेघ मारली, पण शिक्का उमटवला. मी फादरांनाही त्या चित्राचं सांगायला सुरुवात केली होती. गॉथिक काचांपर्यंत पोचलो आणि लग्नाची तारीख ठरवायला वऱ्हाड आलं.

गल्लीत मात्र चमत्कार घडू लागला. लोक चॅपलवरून भांडू लागले! वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराण्याच्या नावे एक चॅपल, अशी योजना बजरंगनं जाहीर केली होती. एके सकाळी आप्पासाहेब दाराशी उभे.

"दिगंबरराव, आमच्या घराण्याला मूर्तीजवळचं हवं. तुमचा शब्द चालतो, टाका."

माझ्या अंगावर काटा आला. "आप्पासाहेब, सातशे वर्षांपूर्वी तिकडे हेच झालं! मोठमोठे सावकार वेदीजवळच्या जागेसाठी भांडले."

"भांडणारच. लांब ठेवून कसं चालेल? परतताना गर्दीत कोण शोधत बसणार? बरं, आमच्या घरातल्या सगळ्यांच्या मावतील ना?"

"सगळे मावतील. काही बसतील, काही उभे राहतील."

"उभ्या कशाला? आडव्याच ठेवू," आप्पासाहेब म्हणाले आणि समाधानानं गेले. मीही समाधानानं आत आलो. कसबा पेठेत मध्ययुग अवतरलंय, असं मी उल्काला सांगितलं. ते कधी गेलं होतं, असं तिनं विचारलं.

मांडवाचं आतलं काम मला बघू देत नव्हते. देखावा गणेशचतुर्थीपर्यंत गुप्त ठेवायचा, ही पुण्याची जुनी रीत. पलीकडच्या मंडळाचे हेर फिरत असतात. "पण मी सूचक आहे!" मी बजरंगला म्हणालो. "म्हणूनच, काका. तुम्ही लय बोलता," तो अत्यंत आदरानं म्हणाला. या वाक्यातला आदर मला आठवडाभर पुरला नाही. तेवढ्या काळात मी पाट्यांचा मजकूर लिहून युसूफभाईंकडे धाडला आणि लग्नाच्या कॅसेटी भरणाऱ्या एका स्टुडिओत जाऊन माहितीची कॅसेट भरली. स्टुडिओवाल्यानं पार्श्वसंगीत म्हणून सनई लावली. ती काढता येणार नाही असं त्याचं म्हणणं पडलं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

चतुर्थीची संध्याकाळ झाली. मी सिल्कचा झब्बा घातला, उल्कानं ठेवणीतलं नारायणपेठी. मांडवाचा पडदा उघडला आणि माझे डोळे भरून आले. पोस्टकार्डावरचं चर्च कसब्यात उभं होतं. टोकदार कमानी, उंच शिखरं, रंगीत जिलेटीनच्या खिडक्या. लोक आ वासून बघत होते. बजरंगनं मला नारळ दिला, कोणीतरी माझ्या कपाळाला गंध लावलं, आणि निम्मी रांग आत गेल्यावर मी छाती काढून आत पाऊल टाकलं.

दोन्ही बाजूंना ओळीनं कमानी होत्या. सोनेरी वर्ख, नक्षी, वर एकेका घराण्याचं नाव. आणि प्रत्येक कमानीत फळ्या. फळ्यांवर चपला.

वहाणा, सँडल, कोल्हापुरी, स्लिपर, शाळेचे काळे बूट. मूर्तीच्या अगदी जवळ, सर्वांत मोठ्या कमानीत, आप्पासाहेबांच्या घराण्याच्या चपला आडव्या ठेवलेल्या होत्या. दारावर ठळक अक्षरांत पाटी होती: 'मध्ययुगीन चप्पल दालन'.

एवढ्यात कर्ण्यातून सनई सुरू झाली आणि माझाच आवाज घुमला. "भाविकहो, आपल्या दोन्ही बाजूंना जी दिसतात, ती जगप्रसिद्ध चॅपल होत." कर्ण्यातून ते स्वच्छ 'चप्पल' ऐकू येत होतं. "राजेमहाराजे यांच्यापुढे गुडघे टेकत." समोर एक गृहस्थ खरोखरच गुडघा टेकून बुटाची नाडी सोडत होते, ते दचकून इकडेतिकडे बघू लागले. "प्रत्येक चॅपलमध्ये त्या त्या घराण्याचे पूर्वज चिरनिद्रा घेत आहेत." एका म्हाताऱ्या बाईंनी स्लिपरांना हळूच नमस्कार केला. "कृपया चॅपलला हात लावू नये. घामट हातांनी यांचं अतोनात नुकसान झालेलं आहे." बाहेर पडणारी रांग थबकली. "मग घ्यायच्या कशा?" मागून कोणीतरी ओरडलं.

लोकांना मात्र फार आवडलं. गणपती बघायला आल्यावर चपलांची एवढी राजेशाही सोय पुण्यात कोणी केली नव्हती. शनिवार पेठेतून माणसं खास बघायला आली. "काका, डोकं लावलंत हां!" म्हणून अनोळखी लोक माझा हात हातात घेत होते, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मला सातशे वर्षांचं चर्च सांगायचं होतं, आणि सबंध शहराला मी चपलांचा मांडणीकार म्हणून माहीत झालो होतो.

मी गर्दीतून युसूफभाईंना शोधून काढलं. "अहो, हे काय केलंत? मी पाटीवर काय लिहून दिलं होतं?"

"साहेब, तुमची एक चूक होती, ती मी दुरुस्त केली," ते प्रेमानं म्हणाले. "'च'वर तुम्ही चंद्र काढला होता, आणि 'प' एकच लिहिला होता. म्हटलं साहेब घाईत असतील."

मी झब्ब्याच्या बाहीनं घाम पुसला. त्यांना वाटलं, मी गहिवरलो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला शेवटच्या कमानीपाशी नेलं. "हे मी स्वतः काढलंय. तुम्ही बैठकीत सांगत होता, ते."

शेवटच्या कमानीच्या मागच्या भिंतीवर चित्र होतं. आई, मांडीवर मूल. आईनं एका हातात मुलाचं पाऊल धरलेलं, आणि दुसऱ्या हातात एक इवलासा लाल बूट. "तुम्ही म्हणाला, पाय हातात घेतलाय. मग कशाला घेतला असेल? घालायलाच ना," युसूफभाई म्हणाले. बोटं जाड आली होती, मान थोडी वाकडी होती. पण तळहात पावलाखाली जसा धरायला हवा तसाच होता. मला रागवायचं होतं, ते मी विसरलो. युसूफभाईंना कोणीतरी हाक मारली म्हणून ते गेले, आणि मी तिथेच उभा राहिलो.

उल्का शेजारी आली. तिनं चित्रातल्या पावलाकडे बघितलं.

"तिथे तुम्ही रडलात ना," ती म्हणाली.

मी चमकलो. "तू बघितलंस?"

"बघितलं की. खांबाआड जाऊन रडत होतात. विचारलं नाही. म्हटलं, सांगतील आपणहून."

"सांगतील काय? आल्यापासून सांगतोच आहे! आप्पासाहेबांना सांगितलं, बजरंगला सांगितलं, फादरांना सांगितलं, आता सगळ्या पुण्याला सांगतोय कर्ण्यावरून!"

"हो. सगळ्यांना सांगितलंत," उल्का म्हणाली. "मला कुठे सांगितलंत?"

"तू तर बरोबरच होतीस."

"मी बरोबर होते. पण तुम्हाला का रडू आलं, ते मला कसं कळणार?"

कर्ण्यातला माझा आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. मागे रांग तुंबली होती, कोणीतरी शिट्टी फुंकत होतं. मी घसा खाकरला नाही. कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. मग मी म्हणालो, "आत शिरलो तेव्हा तो उजेड बघितलास? निळा..."

"काका, सरका जरा," मागून एक माणूस खांद्यावरून हात घालत म्हणाला. "चप्पल घ्यायचीय."

आमची उल्का चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. ती गर्रकन वळली आणि त्याचा हात बाजूला करून म्हणाली, "थांबा हो. हे बोलतायत."